मामांच्या दाराला दुसऱ्याची किल्ली

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही दार एकदाच ओढून बंद केलेलं नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापलीकडे, एका अरुंद गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्या घराला एक कुलूप. ते लावायचं, ओढून पाहायचं, दहा पावलं जायचं, परत येऊन ओढायचं, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायचं, तिथं थांबून मनाशी काहीतरी पुटपुटायचं आणि तिसऱ्यांदा परत येऊन ओढायचं. तेवढ्या वेळात मामी पुलावर पोचलेल्या असतात. त्या कधी वळूनही पाहत नाहीत. एकदा आम्ही सगळे चिखलदऱ्याला निघालो होतो आणि मी फार घाई केल्यामुळे मामांचं तिसरं ओढणं राहून गेलं. परतवाड्याला बस थांबली तेव्हा ते खाली उतरले, शेजाऱ्यांना फोन लावला आणि कुलूप ओढून पाहायला सांगितलं. शेजारी म्हणाले, ओढलं, पक्कं आहे. मामा म्हणाले, "फोन कुलपापाशी धरून वढा ना भाऊ. मले आवाज येऊ द्या." तो आवाज येईपर्यंत मामांचा एक पाय बसच्या पायरीवर होता आणि एक जमिनीवर, त्यामुळे कंडक्टरला घंटी मारता येईना. वर पोचल्यावर आम्ही दरी पाहिली. मामांनी दरीकडे पाठ केली आणि दोन तास आमची डोकी मोजली.

चिंता हा मामांचा पूर्णवेळचा उद्योग आहे आणि निवृत्तीनंतर त्यांनी त्याचा विस्तारच केला. दहाच्या बससाठी ते आठला स्टँडवर असतात. बसवरची पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, ही अमरावतीचीच ना, मग ड्रायव्हरला, आणि एवढं करून आत बसलेल्या एखाद्या सज्जन माणसाला. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात आणि त्याची मान जराशी कलली की खोकतात. मी अमरावतीहून दुचाकीवर कुठं जाणार असलो तर मला सकाळीच निरोप येतो की आज वारा आहे. त्या निरोपाला मी उत्तर दिलं नाही तर दुसरा निरोप येतो, की काही झालं तर नाही ना. त्यांचा फोन येऊन बोलणं संपलं की मी तो खाली ठेवत नाही, कारण अर्ध्या मिनिटात तो पुन्हा वाजणार असतो. "जवाईबापू, मंघाचा फोन बराबर कटला होता ना?"

पोस्टमन म्हणून त्यांनी सारी नोकरी केली, त्यातली बारा वर्षं अचलपूरला. साधं पत्र त्यांनी दारात टाकलं असेल, पण रजिस्टरचं पत्र ज्याचं त्याच्याच हातात. त्यासाठी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते: कोनाचे, कुठचे, आन घराजवळ काय हाय? पत्र घेणारा स्वतःच्या घराच्या दारात उभा असला तरी त्याला घराजवळ काय आहे ते सांगावं लागे. हे प्रश्न निवृत्तीनंतरही सुटले नाहीत. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "कोनाचे?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "कुठचे?" मी गाव सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळलो, कारण आमच्या घराजवळ सांगण्यासारखं काहीच नाही. आतून मामी ओरडल्या, "अहो, जवाई हायेत ते! घ्या ना आंदर!" तरी मी नाल्याजवळचा चिंचेचा पार आठवून सांगेपर्यंत उंबऱ्याबाहेरच होतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी त्यांची अजूनही माफी मागत असतो, ती सांगतो. मामा नोकरीत असल्यापासून रक्त द्यायचे. डोळे घट्ट मिटून आणि तोंड भिंतीकडे फिरवून, पण ठरल्या मुदतीला न चुकता द्यायचे. पासष्टी ओलांडली तेव्हा रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या, "काका, आता पुरे." मामा घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. आपल्या वाटचं रक्त आता कोण देणार, या काळजीतून त्यांनी एक वही केली. अकोल्यापासून अचलपूर-परतवाड्यापर्यंतच्या ओळखीच्या माणसांची नावं, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, फोन नंबर आणि खास मामांच्या हातचा शेरा. एक नोंद मला पाठ आहे: "वामन, भीमरावचा. बी निगेटिव्ह. पिठाच्या गिरणीसमोर, निळं दार. सुईले भेते. पोहे खाऊ घालून आणणे."

या वहीतली सगळ्यात मोठी काळजी म्हणजे प्रज्ञा. अचलपूरला सायकल दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही, जन्मापासूनचा आजार, म्हणून दर तीन आठवड्यांनी अमरावतीच्या रुग्णालयात तिला एक पिशवी रक्त लागतं. तिचा गट बी निगेटिव्ह, म्हणजे मुळात कमी लोकांचा. रक्तपेढीत तो नेहमी असेल याचा भरवसा नाही, म्हणून माणूसच न्यावा लागतो. मामांच्या वहीत त्या भागातले असे आठ जण होते. एकानं दिलं की तीन महिने त्याला विश्रांती, मग पुढच्याची पाळी. पाळी चुकली की प्रज्ञा चार दिवसांत पांढरी पडायची आणि शाळेच्या पायऱ्यांवर मध्येच बसायची. मामांच्या बाकीच्या सगळ्या चिंता एकीकडे आणि तिची तारीख एकीकडे. तारखेच्या आदल्या आठवड्यात ते आठातल्या ज्याची पाळी असेल त्याला सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा फोन करायचे, आणि तो बरोबर कटला का ते विचारायला तिसरा.

मी अमरावतीत वेबसाईट बनवतो. राजापेठेत दोन टेबलांचं ऑफिस आहे. मामांची धावपळ पाहून मी मोठ्या मनानं म्हणालो, मामा, मी तुमच्या वहीची वेबसाईट करून देतो, फुकट. रक्त दिलं की ज्यानं त्यानं साईटवर जाऊन तारीख भरायची. पुढची पाळी कोणाची ते साईट स्वतः मोजेल आणि त्याला मोबाईलवर निरोपही पाठवेल. मामांनी सतरा शंका विचारल्या आणि अठराव्या शंकेला हो म्हणाले. साईट सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात एक अडचण आली, ती पासवर्डची. रक्त द्यायला एका पायावर तयार असलेली माणसं पासवर्ड लक्षात ठेवायला तयार होईनात. एकानं तो सगळ्या गल्लीला सांगून ठेवला होता, म्हणजे आपण विसरलो तर कोणीतरी सांगेल. विसरलेले सगळे मामांना फोन करत आणि मामा मला. खुद्द मामांनी चोरीच्या भीतीनं दर सोमवारी आपला पासवर्ड बदलायचं ठरवलं होतं. तो ते वहीच्या शेवटच्या पानावर अशा गुप्त खुणांनी लिहीत की कोणाला कळू नये. मंगळवारी तो त्यांनाही कळत नसे.

यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे. आपल्या साईटवर वेगळा पासवर्ड ठेवायचाच नाही. फोनमध्ये ई-मेलचं जे खातं आधीपासून चालू असतं, त्याच्याच ओळखीनं माणसाला आत घ्यायचं. साईटवर एक बटण द्यायचं, माणसानं ते दाबायचं, ती ई-मेलवाली मोठी कंपनी आपल्याला सांगते की हा आमच्या ओळखीचा आहे, आणि आपण दार उघडतो. मी ते बटण बसवलं, वर दोन हुशाऱ्याही केल्या. माणसाचा फोन नंबर त्या खात्यातूनच उचलायचा, म्हणजे नेहमी ताजा राहील. आणि रक्त दिल्याची तारीख त्या खात्यालाच बांधायची, म्हणजे एकच माणूस चुकून दोनदा नोंदला गेला तरी गोंधळ नको. या दोन हुशाऱ्या मी ऑफिसातल्या माझ्या सहकाऱ्याला उगाचच समजावून सांगितल्या होत्या.

मामांना मी हे सांगायला अकोल्याला गेलो तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे दार आपलं, आन किल्ली दुसऱ्याची?"

"किल्ली नाही मामा. ओळख दुसऱ्याची."

"तो ओळख देनारा कुठी राह्यते?"

मी म्हणालो, फार लांब. परदेशात.

"मंग त्यानं आपला वामन पायला हाय का?"

मी हसलो. जगभरातली माणसं रोज असंच दार उघडतात हे सांगितलं. मामा मान हलवत राहिले. "रजिस्टर दुसऱ्याच्या सांगन्यावर देऊन राह्यले तुमी, जवाईबापू. मले नाई पटत. मले आतापासून कसंतरी होऊन राह्यलं." आणि उठून दार नीट लागलंय का ते पाहून आले, भर दुपारी, आम्ही सगळे आत असताना.

मी वैतागून स्वयंपाकघरात गेलो आणि मामींना म्हणालो, हे असं किती दिवस चालायचं? मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अचलपूरला नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मामांकडे एक रजिस्टर आलं होतं. त्या गल्लीत एकाच नावाचे दोघे तरुण होते. मामा गडबडीत होते, शेजारचा म्हणाला, हाच तो, आणि मामांनी सही घेऊन पत्र देऊन टाकलं. ते नोकरीच्या मुलाखतीचं पत्र होतं, आणि होतं दुसऱ्याचं. ज्याचं त्याला ते पंधरा दिवसांनी मिळालं. मुलाखत होऊन गेली होती. "मी नवी नवरी होती तवा हे कुलूप एकदाच वढत जायचे," मामी म्हणाल्या. "त्याच्यानंतर तीनदा. तुमी त्याईले इचारू नका, ते सांगत नाईत." मला खरंच वाईट वाटलं. मी भाकरी खाल्ली, मामींच्या हातच्या ठेच्याचं कौतुक केलं आणि बटणात काही बदल केला नाही. उलट, आता या वहीचं काय काम, मी एकदा सगळ्या नोंदी तपासून घेतो, असं म्हणून मामांची वही सोबत अमरावतीला घेऊन आलो. त्यांनी ती एका पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मला बसमध्ये बसवून देईपर्यंत पिशवीचा एक बंद स्वतःच्या हातात ठेवला.

बटण लोकांना फारच आवडलं. दाबलं की आत. मामांचे फोन कमी झाले आणि मी स्वतःवर खूश झालो. मग एकदा मामांनी विचारलं, "जवाईबापू, त्या गजाननले पन्नाशी लागली. साईटवर त्याच्या नावापुढं हा गॉगलवाला पोट्टा कोन हाय?" मी पाहिलं. चिखलदऱ्याच्या कड्यावर काळा गॉगल लावून एक हसरा तरुण उभा होता. त्या खात्याबरोबर फोटोही आपोआप येतो. मी म्हणालो, मामा, हल्ली लोक कोणाचाही फोटो लावतात, मुलाचा असेल. "गजाननले दोन पोरी हायेत," मामा म्हणाले. मी विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, मामांचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की मला वाटलं घरात काही झालं. "प्रज्ञाच्या मायचा फोन आला होता. परवा तिची तारीख हाय. कोन येनार म्हनून इचारते. मी साईट पायली त आठाईच्या आठाई पुढं लाल फुली हाय. साऱ्याईनं तीन महिन्याच्या आत रक्त देलं म्हनते तुमची साईट. सात जनाईची त एकच तारीख हाय. अन जवाईबापू, साताईच्या पुढं तोच गॉगलवाला हाय."

मी साईट उघडली. गजानन, वामन आणि आणखी पाच, सगळ्यांच्या नावापुढं तोच हसरा तरुण, तोच दिवस आणि तोच एक फोन नंबर. गजाननने तीन आठवड्यांपूर्वी, मामांनी फोनवर आठवण केल्यावर, रक्त दिलं होतं, तारीख भरली होती, आणि साईटनं ती सातही जणांना लावली होती. साईटच्या लेखी ते सात जण एकच माणूस होते. आठवा तेवढा वेगळा निघाला, पण त्यानं खरोखरच दीड महिन्यापूर्वी दिलं होतं. म्हणजे पाळी कोणाचीच नव्हती, म्हणून साईटनं या वेळी कोणाला निरोपच पाठवला नव्हता. मी त्या एका नंबरवर फोन लावला. तो बंद होता. रुग्णालयाच्या रक्तपेढीत विचारलं. बी निगेटिव्ह शिल्लक नव्हतं. मामा आयुष्यभर कोणत्या अवस्थेत जगतात ते मला त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा नीट समजलं.

"वही घेऊन सकाळी परतवाड्याले या," मामा म्हणाले. "मी पोचतो." मी सकाळी पहिल्या बसनं गेलो आणि स्टँडवर उतरलो तर मामा तिथं आधीच उभे. अकोल्याहून ते कोणत्या बसनं आले, ते मी विचारलं नाही. त्यांनी पिशवीतली पिशवी उघडली, वही काढली, धोतराला नीट खोच दिली आणि चालू लागले. गजानन सोडून वहीतल्या बाकी सहा नंबरांपैकी चार मेलेले होते, नव्या फोनांबरोबर लोकांनी नंबरही बदलले होते, आणि दोन दुसऱ्याच लोकांनी उचलले, पण मामांना नंबरांची गरज नव्हती. गिरणी, हातपंप, रंगारी, कोपऱ्यावरचा कडुनिंब, असं करत ते परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपूरच्या गल्ल्यांतून असे चालले की मी मागे पडलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून घरी देवघरापाशी बसतानाही कण्हणारा. एका दारात बसलेल्या म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "पोस्टमनबापू! माह्यं पत्र हाय का?" मामा थांबले, खरोखरच खांद्यावरची पिशवी चाचपली आणि म्हणाले, "नाई वं बाई, आज नाई."

सातांतल्या तिघांनी अलीकडेच दिलं होतं. उरले चार. पहिला मुलाकडे नागपूरला गेला होता. दुसरा तापानं अंथरुणात होता आणि तरीही "येऊ का?" असं विचारत होता. तिसरा चिखलदऱ्याला कामाला गेलेला, तिथं त्याचा फोन लागेना. पण तिसऱ्याची बायको घरी होती. मी तिच्याकडे त्याचा ई-मेल मागितला, तेव्हा ती म्हणाली, "ते आमाले काय मालूम? मोबाईलवाल्यानं टाकून देलं." ती फोन जिथून घेतला त्या दुकानाचा पत्ताही सांगायला लागली, तोवर मामा निघालेही होते.

दुकानात काउंटरमागे तोच तो. गॉगल डोक्यावर सरकवलेला, बाकी फोटोतल्यासारखाच हसरा. मी त्याला विचारलं, या सगळ्यांच्या फोनमध्ये तुझा ई-मेल कसा? तो जराही गडबडला नाही. "काका, फोन चालू करासाठी ई-मेल मांगते ना तो. लोकाईले इचारलं त म्हंतेत, ते काय असते? मंग मी माह्याच टाकून देतो. नंबर बी माह्याच. दोन मिनिटात काम होते."

"असा किती फोनाईत टाकला?"

"आर्ध्या गावाच्या असन."

"आणि रक्ताचे निरोप तुला येत होते?"

"येत होते ना! तुमची पाळी हाय, रक्त द्या. मले वाटलं जाहिरात हाय. मांगच्या महिन्यात त इतके आले का मी तो नंबरच बंद करून टाकला."

माझ्या तोंडात जे शब्द आले होते ते मी इथं लिहीत नाही. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग वही काउंटरवर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि त्या तरुणाला विचारलं, "तू कोनाचा रे?" त्यानं सांगितलं. "कुठचा?" तेही सांगितलं. "घराजवळ काय हाय?" तो म्हणाला, "दुकानच हाय, काका." मामांनी त्याचा रक्तगट विचारला, ओ पॉझिटिव्ह निघाला, आज आमच्या कामाचा नव्हता, तरी लिहून घेतला. पुढं शेरा लिहिला, तो मी वाकून वाचला: "हसते. पण मनानं चांगला वाटते."  नोंद झाल्यावर त्या तरुणानं गॉगल काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "काका, कोन आजारी हाय?"

आता उरला होता फक्त वामन. निळं दार आता हिरवं झालं होतं, पण गिरणी जागेवर होती. वामन घरी होता आणि आम्हाला पाहताच त्याला घाम आला. "बापू, माह्यी पाळी त नव्हती ना? फोनवर काई आलं नाई." मामांनी त्याला प्रज्ञाची तारीख सांगितली. वामननं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाला, "पोहे करते का वं?" हे त्यानं बायकोला विचारलं. गुरुवारी सकाळी अमरावतीच्या रक्तपेढीत तो खाटेवर आडवा झाला. त्यानं डोळे मिटून तोंड भिंतीकडे केलं. मामा त्याचा हात धरून स्टुलावर बसले, त्यांनीही डोळे मिटले आणि तोंड दुसऱ्या भिंतीकडे केलं. नर्सबाई सुई घेऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "यातलं रक्त कोण देणार आहे?"

सगळ्या तपासण्या होऊन पिशवी वरच्या मजल्यावर प्रज्ञाच्या खाटेपाशी गेली तेव्हा दुपार उलटली होती. मामांनी तिथल्या नर्सबाईंना पिशवीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायला सांगितली. त्यांनी नाव, गट, नंबर वाचला. मामा म्हणाले, "आनखी एकदा." त्यांनी वाचला. मामांनी तोंड उघडायच्या आत प्रज्ञानंच पलंगावरून हात वर करून तिसऱ्यांदा वाचून दाखवला, अक्षरं लावत, शाळेतल्या आवाजात. तिचे ओठ त्या दिवशी अगदी पांढरे होते. ते मी पाहिले, आणि माझ्या दोन हुशाऱ्या मला इतक्या नकोशा झाल्या की मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो.

अकोल्याच्या बसमध्ये मामांना बसवून देताना मी म्हणालो, मामा, चुकलं माझं. दोन दिवसांत ते मला एका शब्दानं बोलले नव्हते आणि त्याचंच मला ओझं झालं होतं. मामांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं पत्र फिरून येळेवर जाग्यावर आलं, जवाईबापू. माह्यं नव्हतं आलं." मामींनी मला ती गोष्ट सांगितली आहे हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, ही अकोल्याचीच ना.

बटण मी काढलं नाही. माणसांना तेच सोयीचं होतं. पण नंबर आणि तारीख मी त्या खात्यापासून सोडवल्या आणि बटणाच्या पुढं आणखी एक पायरी घातली. पहिल्यांदा आत येणाऱ्याला साईट तीन प्रश्न विचारते: कोणाचे, कुठचे, घराजवळ काय आहे? ती उत्तरं मामांकडे जातात, मामा फोन करून खात्री करतात आणि मगच दार उघडतं. पुण्यातल्या एका मित्रानं हे पाहून मला वेड्यात काढलं. अचलपूरमध्ये मात्र कोणाला त्यात नवल वाटलं नाही. त्या मोबाईलवाल्यानं दुकानात पाटी लावून लोकांना स्वतःचे ई-मेल काढून द्यायला सुरुवात केली, आणि तो आता दर तीन महिन्यांनी रक्त देतो. त्याची वहीतली नोंद मामांनी सुधारली. "हसते" तेवढं ठेवलं.

गेल्या वर्षी मामांचे गुडघे फारच धरले. त्यांची मुलगी त्या दोघांना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप लावलं तेव्हा मी तिथं होतो. मामांनी तीनदा ओढलं, गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि मला म्हणाले, "अधूनमधून वढून पायत जा." मी अकोल्याला गेलो की ओढून पाहतो. पुण्यात त्यांना कोणी ओळखत नाही. सोसायटीचा पहारेकरीच त्यांना रोज विचारतो, कोणाकडे जायचंय? मामी सांगतात की मामांना तो प्रश्न आवडतो आणि त्याला ते तपशीलवार उत्तर देतात, घराजवळ काय आहे त्यासकट.

साईटवर कोण कधी आत आलं याची एक यादी माझ्याकडे असते. त्यात रोज सकाळी सहाच्या सुमाराला मामांचं नाव दिसतं. ते आत येतात, प्रज्ञाच्या पुढच्या तारखेसमोर कोणाचं नाव आहे ते पाहतात आणि बाहेर जातात. दोन मिनिटांनी पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग थोडा जास्त वेळ जातो, बहुतेक तेवढ्यात ते गॅलरीपर्यंत जाऊन येत असावेत, आणि तिसऱ्यांदा आत, बाहेर. मी ऑफिस उघडलं की आधी त्या तीन ओळी पाहतो आणि मग दुसऱ्या कामाला लागतो.

परवा सकाळी त्या ओळी नव्हत्या. एकही नव्हती. मी आठपर्यंत वाट पाहिली आणि पुण्याला फोन लावला. फोन मामांनीच उचलला, आवाज ठणठणीत. मी विचारलं, मामा, आज साईट उघडली नाही?

"नाई उघडली. काल प्रज्ञानंच फोन केला होता. बारावीत गेली ना ती आता. म्हने मामा, माह्या तारखेले वामनकाका येऊन राह्यले, मी स्वतः त्याईच्या घरी जाऊन इचारून आली. तुमी नका पाहू." मग मामांनी स्वतःचं जोडलं, "मंग कायले पाहू? झोप लागली चांगली." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तो हातात धरून बसलो. अर्धं मिनिट झालं, एक झालं, पाच झाली. फोन बरोबर कटला का, ते विचारायला कोणाचाच फोन आला नाही. शेवटी मी साईट उघडली, प्रज्ञाची तारीख काढली, समोर वामनचं नाव होतं ते वाचलं आणि बाहेर आलो. टेबलावरची दोन कागदपत्रं इकडची तिकडे केली आणि पुन्हा आत गेलो. मग खिडकीपर्यंत जाऊन आलो, आणि तिसऱ्यांदा पाहिलं.